पाण्याच्या दाबाने घडणारा धातू

धातूची नळी साच्यात बंद करून तिच्यात पाणी भरले आणि त्याचा दाब हजार-दोन हजार बारपर्यंत नेला, की नळीची भिंत आतून ढकलली जाते, फुगते आणि साच्याच्या पृष्ठभागाला सगळीकडून चिकटते. दाब उतरवून साचा उघडला, की आत साच्याच्या आकाराचा पोकळ आणि अखंड भाग तयार असतो. या पद्धतीला हायड्रोफॉर्मिंग म्हणतात. घरातल्या नळाला साधारण दोन-तीन बार दाब असतो. प्रशांत महासागराच्या तळाशी, सर्वांत खोल जागी तो 1,100 बारच्या आसपास असतो. मोटारीच्या सांगाड्याची नळी घडवताना कारखान्यात याहूनही जास्त दाब रोज, दर मिनिटाला निर्माण केला जातो.

यामागचा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कालने सतराव्या शतकात मांडला. त्याचा द्रवांच्या संतुलनावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1663 साली प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो आणि भांड्याच्या भिंतीवर प्रत्येक ठिकाणी काटकोनात पडतो. धातू घडवणाऱ्यासाठी हे वरदान आहे. पोलादी पंच पत्र्याला जिथे टेकतो तिथेच ढकलतो, शिवाय त्याला आत जायला आणि बाहेर यायला सरळ वाट लागते. तीन ठिकाणी वाकलेल्या नळीच्या आत असा पंच जाणार कसा? पाणी मात्र जाते आणि भिंतीचा आकार बदलत गेला तरी प्रत्येक क्षणी तिच्यावर सारखेच रेटत राहते. पंच आणि डाय अशी जोडी बनवण्याऐवजी फक्त बाहेरचा साचा बनवावा लागतो, आतल्या बाजूचे काम पाणी करते.

एवढा दाब साध्या पंपातून थेट मिळवणे अवघड असते, म्हणून दाबवर्धक वापरतात. 1795 साली जोसेफ ब्रामाने इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. लहान दट्ट्यावरच्या थोड्या बलातून मोठ्या दट्ट्यावर प्रचंड बल मिळवणे, हे त्याचे तत्त्व. दाबवर्धकात तेच उलटे चालते. एका दांड्याच्या एका टोकाला मोठा दट्ट्या आणि दुसऱ्या टोकाला लहान दट्ट्या असतो. मोठ्याचे क्षेत्रफळ दहापट असेल, तर त्याच्यामागे 200 बारचे तेल सोडल्यावर लहान दट्ट्यापुढच्या पाण्यात 2,000 बारपर्यंत दाब येतो. पाणी शुद्ध नसते. गंज लागू नये आणि थोडे वंगण मिळावे म्हणून त्यात काही टक्के रसायन मिसळलेले असते.

हवा न वापरता पाणी का वापरतात, यालाही ठोस कारण आहे. 1,000 बार दाबाखाली पाण्याचे आकारमान जेमतेम चार टक्क्यांनी घटते, त्यामुळे त्यात साठणारी ऊर्जा तुलनेने थोडी असते. नळी फुटलीच तर थोडे पाणी बाहेर पडताच दाब कोसळतो. त्याच दाबाची हवा भरलेली नळी फुटली, तर तो स्फोटच. म्हणून नळी भरताना आतली हवा पूर्ण बाहेर काढणे ही पहिली अट असते. हवेचा बुडबुडा राहिला तर दाब हळू चढतो, भागाचा आकारही बिघडतो आणि धोका वाढतो.

दाब किती लागेल, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. समजा, नळीचा बाहेरचा व्यास 60 मिमी आणि भिंतीची जाडी 2 मिमी आहे. हे पोलाद 250 मेगापास्कल ताणाला कायमचे वाकू लागते. ज्या ताणाला धातू पूर्वस्थितीत परतण्याची क्षमता गमावतो, त्याला यील्ड पॉइंट म्हणतात. जाडीची दुप्पट गुणिले ताण भागिले व्यास हे सूत्र लावले, तर नळी फुगायला सुरुवात होण्यासाठी सुमारे 17 मेगापास्कल, म्हणजे 170 बारच्या जवळपास दाब पुरतो. पण नळी फुगली म्हणजे काम झाले नाही. साचा चौकोनी असेल तर सपाट बाजू आधी टेकतात आणि कोपरे मागे राहतात. कोपऱ्याची आतली गोलाई 6 मिमीपर्यंत आणायची असेल, तर तिथला धातू फार लहान त्रिज्येत वळवावा लागतो. तोवर ताणल्यामुळे पोलाद कठीणही झालेले असते, त्याला वाकवायला आता 450 मेगापास्कलच्या आसपास ताण लागतो. ताण गुणिले जाडी भागिले त्रिज्या, म्हणजे 150 मेगापास्कल किंवा 1,500 बार. फुगायला 170 आणि शेवटच्या कोपऱ्यासाठी 1,500! भागाच्या रेखाचित्रात एक कोपरा अकारण टोकदार ठेवला, तर त्याची किंमत संपूर्ण यंत्राला मोजावी लागते.

ती किंमत प्रेसच्या आकारात दिसते. हीच नळी एक मीटर लांब धरली, तर वरून पाहताना तिचे क्षेत्रफळ 60 गुणिले 1,000 म्हणजे 60,000 चौरस मिमी होते. त्यावर 150 मेगापास्कल दाब म्हणजे 90 लाख न्यूटन, साधारण 900 टन बल साच्याचे दोन भाग एकमेकांपासून दूर करू पाहते. प्रेसला काही सेकंद का होईना, त्याहून जास्त जोराने साचा मिटून धरावाच लागतो. मोटारींच्या मोठ्या भागांसाठी वापरले जाणारे प्रेस म्हणूनच हजारो टनांचे असतात. यावर एक उपाय निघाला आहे. साचा पूर्ण बंद होण्याआधीच नळीत कमी दाबाचे पाणी भरायचे आणि साचा मिटताना त्याच्याच बलाने नळीला कोपऱ्यात दाबायचे. तेव्हा धातू ताणला न जाता वाकवला जातो, दाबही बराच कमी लागतो. मात्र यात नळीचा परीघ जवळपास तेवढाच राहतो. जिथे भाग खरोखर फुगवायचा आहे, तिथे हा उपाय चालत नाही.

प्रत्यक्ष काम पायरी-पायरीने चालते. नळी आधी बेंडिंग यंत्रावर साच्याच्या वळणांप्रमाणे वाकवतात. ती साच्यात नीट बसत नसेल, तर हलक्या दाबाने चपटी करून घेतात. नळी वेल्डिंगने बनवलेली असेल, तर वेल्डची रेघ कमी ताण येईल अशा बाजूला वळवून ठेवतात, कारण फुटायचे झाले तर नळी बहुधा तिथूनच फुटते. साचा मिटतो आणि दोन्ही टोकांना निमुळते दट्ट्ये येऊन बसतात. त्यांच्यातल्या भोकातून पाणी आत जाते आणि हवा बाहेर पडते. मग दट्ट्ये टोकांवर घट्ट दाबून सील पक्के करतात. वरच्या उदाहरणातल्या नळीत 1,500 बारला एकेका टोकावर पाण्याचे सुमारे 37 टन बल येते. दट्ट्यांना ते झेलायचे असतेच, शिवाय नळी आत ढकलायचीही असते.

या ढकलण्यातच सगळे कसब आहे. फुगा फुगताना रबर पातळ होत जाते, तशीच नुसत्या दाबाने फुगणारी नळीही जिथे फुगते तिथे पातळ होते आणि शेवटी फाटते. ते टाळायचे तर दाब चढत असतानाच दोन्ही टोकांकडून नळी आत सरकवावी लागते, म्हणजे फुगणाऱ्या जागी नवा धातू पोचत राहतो. दाब पुढे गेला आणि सरकवणे मागे राहिले, तर नळी फुटते. सरकवणे पुढे गेले आणि दाब मागे राहिला, तर लांब नळी मधोमध वाकते आणि आखूड नळीला घड्या पडतात. या दोन्हींच्या मधली वाट अरुंद असते आणि नळीचा धातू, जाडी, वंगण बदलले की तीही सरकते. नळी साच्यावरून घसरत असल्याने वंगणाला विलक्षण महत्त्व येते. वंगण कोरडे पडले तर आत ढकललेला धातू टोकाशीच अडतो, जाड होतो आणि मधे पोचतच नाही. आज दाब आणि सरकवणे यांची वेळापत्रके संगणकावर सादृश्य-गणनेने आधी तपासून घेतात. पूर्वी ती नळ्या फोडून शिकावी लागत.

हे सारे एका छोट्या वस्तूत हातात घेऊन पाहता येते. तांब्याच्या पाइपलाइनमध्ये फांदी काढण्यासाठी जो टी बसवतात, त्याला जोड नसतो. तो सरळ नळीतून असाच काढलेला असतो. नळीचा तुकडा साच्यात ठेवतात, साच्याच्या बाजूला फांदीएवढी पोकळी असते. आत दाब चढतो, दोन्ही टोके जवळ येतात आणि तांबे त्या पोकळीत फांदीसारखे बाहेर सरकते. फांदीच्या टोकाला घुमट येतो. तो फुटू नये म्हणून समोरून एक टेकू-दट्ट्या त्याला आधार देत मागे हटत जातो. शेवटी घुमट कापून टाकला की फांदी उघडी होते. टी कापून जाडी मोजली, तर फांदीच्या समोरची भिंत मूळ नळीपेक्षा जाड भरते. ढकललेल्या तांब्याचा जो भाग फांदीत जाऊ शकला नाही, तो तिथे साचलेला असतो.

हा टीच या तंत्राच्या सुरुवातीच्या उत्पादनांपैकी आहे. अमेरिकेत 1940 च्या सुमारास त्याच्या यंत्राची पेटंटे नोंदली गेली. 1950 च्या दशकात ओहायो राज्यातील सिनसिनाटीच्या शाइब्ल कंपनीने स्वयंपाकघरातल्या नळांच्या वाकड्या तोट्या अशा दाबाने घडवल्या. त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत येई आणि पॉलिशचे काम कमी होई. त्यानंतर जपानमध्ये सायकलच्या सांगाड्याचे जोडभाग याच रीतीने बनू लागले. पितळी वाद्यांच्या वळणदार नळ्यांसाठीही ही पद्धत वापरली जाते. तिथे भिंत सारखी आणि आतली बाजू नितळ असणे महत्त्वाचे असते. तरीही बराच काळ ही पद्धत लहान भागांपुरतीच राहिली. मोठे प्रेस, टिकाऊ सील आणि दाबावर क्षणाक्षणाला ताबा ठेवणारी नियंत्रणयंत्रणा आल्यावर 1990 च्या दशकात ती मोटार उद्योगात शिरली. 1997 सालच्या शेव्हरले कॉर्व्हेटच्या सांगाड्यातील दोन्ही बाजूंच्या लांब तुळया एकेका अखंड नळीतून अशा घडवलेल्या होत्या. त्याआधी अशा तुळया अनेक दाबीव पत्रे वेल्ड करून जोडलेल्या असत.

मोटार बनवणाऱ्यांना हे का रुचले, ते उघड आहे. दोन पत्रे जोडायचे तर दोन्हीकडे वेल्डसाठी पट्टी सोडावी लागते आणि ते वजन वाया जाते. वेल्डच्या उष्णतेने भाग वाकडे होतात. अखंड बंद आकाराची नळी त्याच वजनात वाकायला आणि विशेषतः पिळायला अधिक विरोध करते. शिवाय दाब आत असतानाच साच्यातून पंच पुढे सरकवून भोके पाडता येतात. आतले पाणी भिंतीला टेकू देते, त्यामुळे भोकाभोवतालची जागा फारशी खचत नाही. शेवटच्या दाबाने सगळी भिंत साच्यावर दाबली जात असल्याने माप नेमके येते. तरीही दाब उतरताच भाग किंचित आक्रसतो, कारण धातूतला काही ताण स्थितिस्थापक असतो आणि तो भागाला मागे खेचतो. याला कारखान्यात स्प्रिंगबॅक म्हणतात. साचा बनवतानाच त्याचा हिशेब धरावा लागतो.

नळीप्रमाणे पत्र्यालाही ही पद्धत लागू पडते. त्यातला एक प्रकार फार कौशल्याचा आहे. खाली पाण्याने भरलेला हौद, वर पत्रा आणि त्याच्यावर पंच. पंच पत्र्याला हौदात ढकलतो, पाण्याचा दाब चढतो आणि पत्रा पंचाला गच्च आवळला जातो. पत्रा आणि पंच यांच्यातल्या घर्षणामुळे पत्रा तिथे ताणलाच जात नाही. नेहमीच्या खोल ओढकामात पंचाच्या गोलाईजवळ पत्रा पातळ होऊन फाटतो, ती भीती इथे बरीच कमी होते. दुसऱ्या प्रकारात द्रव आणि पत्रा यांच्यामध्ये जाड रबराचा पडदा असतो. पत्र्याखाली एकच ठोकळा ठेवला, की पडदा त्याच्यावर पत्रा दाबून बसवतो. विमानांचे भाग थोड्या संख्येने आणि असंख्य प्रकारांचे लागतात, तिथे एका ठोकळ्यात भागणारी ही पद्धत सोयीची ठरते.

आकार देताना जो स्प्रिंगबॅक अडचण ठरतो, जोडकामात सारी मदार त्याच्यावरच असते. उष्णता-विनिमयकात शेकडो, कधी हजारो नळ्या एका जाड पोलादी पाटीच्या छिद्रांत बसवलेल्या असतात. या पाटीला ट्यूब प्लेट म्हणतात. 19.05 मिमी व्यासाच्या नळीसाठी छिद्र साधारण 19.3 मिमीचे असते. नळी हाताने आत सरकते, म्हणजे ती सैल असते. तिच्यात दोन सील असलेला दांडा घालतात, सीलच्या मधल्या जागेत पाणी सोडतात आणि दाब वाढवतात. नळी आधी यील्ड होते, फुगते आणि छिद्राला टेकते. दाब आणखी वाढवला की ती छिद्रालाही किंचित मोठे करते, पण ट्यूब प्लेट अजून स्थितिस्थापक अवस्थेतच असते. दाब उतरवताना दोघेही आक्रसू लागतात. नळी कायमची फुगलेली असल्याने थोडीच मागे येते, छिद्राला मात्र आपल्या मूळ मापापर्यंत परतायचे असते. नळी वाटेत आडवी येते आणि छिद्र तिला आवळून धरते. वेल्ड नाही, डिंक नाही, खिळा नाही. दोन धातूंच्या परतण्यातल्या फरकाने सांधा होतो.

त्यामुळे कोणता धातू कोणात बसवायचा, हे मनमानीने ठरवून चालत नाही. नळीचा यील्ड पॉइंट पाटीपेक्षा कमी असावा लागतो. टायटॅनियमच्या नळ्या गंजाला उत्तम टिकतात, पण त्यांचा स्थितिस्थापकता गुणांक पोलादाच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे दाब उतरताच त्या जास्त मागे येतात आणि पकड सैल होते. अशा ठिकाणी छिद्रात खाचा पाडतात. फुगणारी नळी त्या खाचांत शिरते. गळती मुळीच चालणार नसेल, तर नळीच्या तोंडाशी वेल्डही देतात.

हे काम जुन्या पद्धतीने रोलरने होते आणि आजही मोठ्या प्रमाणावर होते. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत रस आटवणाऱ्या भांड्यांच्या नळ्या बदलायच्या असतात तेव्हा नळीत फिरणारे रोलर घालून तिचे तोंड विस्फारतात. हे अवजार स्वस्त, सुटसुटीत आणि पकड देणारे आहे, त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण रोलर धातूला लाटत जातो, आतला पृष्ठभाग कठीण होतो आणि जिथे लाटलेला भाग संपतो तिथे नळीत तीव्र ताण राहून जातो. अणुवीज केंद्रांतील बाष्पजनित्रांमध्ये याची मोठी किंमत मोजावी लागली. निकेलच्या मिश्रधातू 600 च्या नळ्यांना नेमक्या अशा जागी ताण-गंजाचे तडे गेले आणि अनेक जनित्रे मुदतीआधी बदलावी लागली. नंतरच्या जनित्रांत नळ्यांचा मिश्रधातू बदलला आणि पाण्याच्या दाबाने विस्फारण्याची पद्धत बरीच रूढ झाली. त्यात नळी पाटीच्या संपूर्ण जाडीभर एकाच दमात छिद्राला टेकते, फट राहत नाही आणि विस्फारलेल्या भागापासून मूळ नळीकडे जाणारा उतार सौम्य असतो. रोलरएवढी पकड दर वेळी मिळत नाही, पण नळीचे आयुष्य वाढते. जिथे एक गळणारी नळी सगळे संयंत्र थांबवते, तिथे हा सौदा नक्कीच फायद्याचा आहे.

याच तत्त्वावर इतरही सांधे होतात. इंजिनाच्या पोकळ कॅमशाफ्टसाठी वेगळ्या कठीण पोलादाचे कॅम साच्यात आपापल्या कोनात मांडतात, त्यांच्यातून नळी ओवतात आणि नळी आतून फुगवतात. मऊ नळी आणि झिजेला टिकणारा कॅम, दोघांना आपापला योग्य धातू मिळतो आणि शाफ्टही हलका होतो. समुद्रातल्या तेल-वायूच्या वाहिन्यांसाठी साध्या पोलादाच्या जाड पाइपात गंजरोधक मिश्रधातूची काही मिलिमीटर जाडीची नळी अशीच फुगवून बसवतात. संपूर्ण पाइप महाग मिश्रधातूचा करावा लागत नाही.

जाड नळीच्या बाबतीत तर सांध्याला दुसरा तुकडाही लागत नाही. तोफेच्या नळीत फार मोठा दाब दिला, की तिचा आतला थर कायमचा ताणला जातो, बाहेरचा थर मात्र स्थितिस्थापक राहतो. दाब उतरल्यावर बाहेरचा थर आतल्याला आवळतो आणि आतल्या पृष्ठभागात कायमचा दाबताण साठतो. तोफ उडते तेव्हा वायूच्या दाबाला आधी हा साठा संपवावा लागतो, मगच धातूवर खरा ताण येऊ लागतो. ऑटोफ्रेटाज नावाची ही प्रक्रिया विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये आकाराला आली. आज ती डिझेल इंजिनाच्या उच्चदाब इंधन-नळ्यांना आणि 1,500 ते 3,000 बारला चालणाऱ्या पॉलिथिलीन बनवणाऱ्या नळीवजा रासायनिक अभिक्रियापात्रांना दिली जाते. हायड्रोफॉर्मिंगच्या दाबवर्धकाचे सिलिंडरही बहुधा असेच घट्ट केलेले असते. ज्या दाबाने ते इतरांना घडवते, तो सोसण्याची ताकद त्याला त्याच दाबाने मिळते.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. प्रेस आणि दाबवर्धक महाग असतात. नळी भरणे, दाब चढवणे आणि पाणी काढणे यात अर्धा-एक मिनिट जाते, तेवढ्यात साधा दाबप्रेस कितीतरी पत्रे ठोकून मोकळा होतो. टोकाचा जो भाग सीलमध्ये जातो, तो कापून टाकावा लागतो. सर्वांत मोठी अडचण कमी ताणल्या जाणाऱ्या धातूंची. मॅग्नेशियम, टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमचे काही मिश्रधातू सामान्य तापमानाला फारसे फुगत नाहीत, फुटतात. त्यांना तापवावे तर पाण्याचा उपयोग संपतो. सुमारे 300 अंश सेल्सिअसपर्यंत खास तेले चालतात, त्यापुढे नायट्रोजनसारखा वायू वापरावा लागतो. तापलेला धातू मऊ असल्याने तेव्हा शेकडो बार दाबही पुरतो, पण वायूत ऊर्जा साठते आणि फुटण्याचा धोका पुन्हा समोर येतो. म्हणून अशी यंत्रे जाड पोलादी कवचात बंद करून, माणसांना दूर ठेवून चालवतात.